युकुलेले पहिल्या फ्रेटवर चढं वाजतंय, सेटअप करून घेऊ की दुसरं घेऊ? (नाशिक)

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. लेकीसाठी (चौथीत आहे) दिवाळीत ऑनलाइन सोप्रानो युकुलेले घेतलं, साडेतीन हजाराचं, लॅमिनेट (प्लायसारखं थरांचं लाकूड). तिचे हात लहान म्हणून सगळ्यात छोटा साइज घेतला, १३ इंची स्केलचा. पहिले पंधरा दिवस पोरगी ते खाली ठेवत नव्हती आणि आता महिना झाला कपाटावर पडून आहे, बोटं दुखतात म्हणते आणि आपण वाजवलेलं तिचं तिलाच बरं वाटत नाही. मला ते बघवत नाही.

मोकळ्या तारा जी सी ई ए अ‍ॅपवर नीट लावल्या तरी सी कॉर्ड छान वाजते आणि एफ, जी सेव्हन बेसूर. मला वाटलं तिची बोटंच चुकतायत, उगाच दोनदा बोलले तिला. मग एकदा सासूबाई आतून म्हणाल्या, अगं तिचा मध्यम चढा लागतोय. त्या रोज पेटी घेऊन बसतात, त्यांचा कान पक्का. म्हणून पेटी शेजारी ठेवून तपासलं. पांढरी पाच, एक, तीन, सहा, चारही मोकळ्या तारा जुळल्या. पण ई ची तार पहिल्या फ्रेटवर (दांडीवरची पहिली आडवी धातूची पट्टी) दाबली की पांढरी चार यायला हवी ती सरळ चढी, अ‍ॅप २०-२५ सेंट (शंभर सेंट म्हणजे पेटीच्या लगतच्या दोन सुरांमधलं अंतर) वर दाखवतं. एफ आणि जी सेव्हन दोन्हीत नेमका हाच सूर आहे, आणि सी मध्ये फक्त ए तारेचा तिसरा फ्रेट लागतो म्हणून ती वाचते.

गावातल्या एका दुकानात नेलं तर म्हणाले स्वस्तातलं असंच असतं, टेनर (मोठ्या साइजचं) घ्या. मग तारा बदलून बघितल्या, नायलगटच्या (सिंथेटिक) टाकल्या, आठवडाभर ताणत होत्या, रोज लावाव्या लागायच्या, आता स्थिर आहेत आणि आवाज खरंच मोकळा झालाय पण पहिला फ्रेट तसाच. बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर जवळपास सारखे येतात. तिथे तार फ्रेटपासून साडेतीन मिमी वर आहे. पहिल्या फ्रेटवर तारेखालून एटीएम कार्ड आरामात सरकतं.

हे नाशकात कुणी करून देतं का, मी इंदिरानगरला राहते, नाशिकरोडपर्यंत जायची तयारी आहे. की कॉन्सर्ट (सोप्रानोहून एक साइज मोठं) घेऊन टाकू?

प्रतिसाद:
ताई, दुसरं अजिबात घेऊ नका, तुमचं निदान तुम्हीच केलंय. बारावा जुळतो आणि पहिला चढतो म्हणजे नट उंच आहे, डोक्याजवळची ती खाचांची पट्टी. तार उंचावरून खाली दाबावी लागते, दाबताना ताणली जाते, म्हणून चढते आणि बोटंही त्यामुळेच दुखतात. नवीन कॉन्सर्ट घेतलं तरी नट असाच निघू शकतो, स्वस्त वाद्यांत कारखान्यात खाचा मुद्दाम उथळ ठेवतात.

आधी नट, मग सॅडल (पोटावरच्या घोडीतली पट्टी, जिच्यावर तारा टेकतात), हा क्रम बदलू नका. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर बघा, कागद जाईल एवढीच फट हवी. नटच्या फाइल महाग असतात, पण अंबड-सातपूरकडे वेल्डिंगचं सामान मिळतं तिथे टॉर्चचं नोझल साफ करायच्या सुयांचा संच मागा, खरखरीत बारीक सुया असतात, तारेच्या जाडीची निवडा. दोन-तीन हात मारायचे, तार बसवायची, बघायचं, परत. खाचेचा उतार खुंट्यांकडे हवा, तार फ्रेटकडच्या काठावरच सुटली पाहिजे. तानपुऱ्याच्या जवारीत तार रुंद घोडीवर झणझणावी म्हणून घासतात, इथे बरोबर उलटं. जास्त खोल गेलं तर खाचेत खायचा सोडा आणि फेव्हिक्विकचा थेंब (खिडकी उघडी ठेवा, वाफ येते), वाळला की परत घासा.

सॅडल नंतर. तो काढून खालून काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासायचा, १ मिमी घासला की बाराव्या फ्रेटवर अर्धा मिमी उतरते. तुम्हाला अर्धा ते पाऊण मिमी उतरवायचीय, त्यापुढे जाऊ नका. लॅमिनेट आहे ते आपल्या इथल्या उन्हाळ्याला बरंच, सॉलिड लाकूड कोरड्या हवेत आक्रसतं आणि तडकू शकतं.

धागाकर्ती:
खूप आभार दादा. सुया मिळाल्या, तीन संध्याकाळी रोज थोडं थोडं केलं, लेक शेजारी टॉर्च धरून बसलेली. ई आणि ए आता एकदम बरोबर, एफ वर अ‍ॅप पाच सेंटच्या आत दाखवतं आणि पोरगी काल जेवायला हाक मारेपर्यंत वाजवत होती. सॅडलला अजून हात लावला नाही. पण सी ची खाच थोडी जास्त झाली वाटतं, ती तार मोकळी छेडली की पहिल्या फ्रेटला लागून झणझणते, दाबली की स्वच्छ. सोडा आधी भरून मग थेंब टाकायचा का उलटं, आणि बाकीच्या तारा काढायच्या की नुसती सी सैल करून बाजूला घेतली तरी चालेल?