महाबळेश्वरच्या हॉटेलसाठी स्थानिक चित्रकारांची कामं: करारात काय लिहावं?

प्रश्न: आमची कला-सल्लागार संस्था सातारा जिल्ह्यातल्या चित्रकारांकडून ३ × ४ फुटांची सहा तैलचित्रं काढून घेणार आहे. करारात काय हवं? तिथल्या पावसाचं काय?

उत्तर १: आधी कॉपीराइट. तयार चित्र विकलं तरी हक्क चित्रकाराकडेच राहतो. पण मागणीवरून, मोबदला घेऊन काढलेल्या चित्राच्या कॉपीराइटचा पहिला मालक मागणी करणारा ठरतो (१९५७चा कायदा, कलम १७). हे बदलायचं तर करारात स्पष्ट लिहा. चित्रकारावर अन्याय होतो तो इथेच. हक्क हस्तांतरणाची मुदत लिहिली नाही तर ५ वर्षं धरतात.

उत्तर २: खरा शत्रू दमट भिंत. फ्रेमच्या मागच्या चारही कोपऱ्यांत अर्ध्या इंचाचे रबरी ठोकळे लावा. हवा खेळली नाही तर कॅनव्हासला मागून बुरशी धरते. अंतिम व्हार्निश रंग पूर्ण वाळल्यावरच, साधारण ६ महिन्यांनी. त्यामुळे घाईची मुदत देऊ नका. चित्र नळीवर गुंडाळायचंच असेल तर रंगाची बाजू बाहेर, नळी जाड. आत गुंडाळलं की रंग दाबला जाऊन सुरकुततो.

उत्तर ३: कमिशन टक्क्यांत लिहिलंत तरी चित्रकाराच्या हाती येणारी रक्कम रुपयांत लिहा. फ्रेम आणि वाहतूक कोणाच्या खर्चाने, तेही.