‘ऑन द रूफ’ कधी विशेषण, तर कधी क्रियाविशेषण कसे?

प्रश्न: माझ्या मुलीच्या वहीत ‘द कॅट ऑन द रूफ इज माइन’ या वाक्यातील ‘ऑन द रूफ’ विशेषणाचे काम करते आणि ‘द कॅट स्लेप्ट ऑन द रूफ’ या वाक्यात तेच शब्द क्रियाविशेषणाचे काम करतात, असे लिहिले आहे. हा फरक तिला कसा समजावून सांगावा?

उत्तर १: दोन्ही वाक्ये तिला मराठीत म्हणायला सांगा. पहिल्यात ती ‘छपरावरची मांजर’ म्हणेल, दुसऱ्यात ‘छपरावर झोपली’. म्हणजे जो फरक मराठी ‘ची’ लावून उघड दाखवते, तो इंग्रजीत शब्दसमूहाची जागा आणि अर्थ पाहूनच ओळखावा लागतो. आपले शब्दयोगी अव्यय नामानंतर येते आणि इंग्रजीतले नामाआधी, एवढे मुलांना लवकर कळते. अडते ते इथेच.

उत्तर २: वरील कसोटी उत्तम आहे. मात्र ‘आय सॉ द मॅन विथ द टेलिस्कोप’ हे वाक्यही तिला द्या, कारण त्याचे ‘दुर्बिणीतून पाहिले’ आणि ‘दुर्बीणवाल्या माणसाला पाहिले’ असे दोन्ही अर्थ व्याकरणदृष्ट्या बरोबर आहेत.

प्रश्नकर्ती: मनापासून आभार. ‘छपरावरची’ म्हणताच तिला फरक कळला.