साइट उघडत नाही म्हणून फायरवॉल सताड उघडायची का?

गेटवे_सांगली

माझं मत आधीच सांगून टाकतो. वापरकर्त्याला एखादी साइट उघडत नसेल, तर फायरवॉलमध्ये (ये-जा करणाऱ्या ट्रॅफिकवर नियमांनी पहारा ठेवणारं उपकरण) सगळ्यात वर 'ऑल टू ऑल, अलाऊ', म्हणजे सगळ्यांना सगळीकडे परवानगी, असा नियम टाकून बघायची सवय आपल्या धंद्यातून गेली पाहिजे. तात्पुरता म्हणून टाकलेला नियम कुणी काढत नाही. आणि बऱ्याचदा त्याने दुखणंही कळत नाही.

गेल्या महिन्यात एका कारखान्याच्या ऑफिसात गेलो होतो. अकाउंट्सच्या ताईंची तक्रार अशी की एक पोर्टल मोबाइलच्या हॉटस्पॉटवर उघडतं, ऑफिसच्या लाइनवर मात्र पांढरं पान आणि वर गोल फिरत राहतं. बाकी साइट चालू. फायरवॉलमध्ये लॉगिन केलं तर पहिलाच नियम: सोर्स ऑल, डेस्टिनेशन ऑल, सर्व्हिस ऑल, नाव 'टेस्ट', लॉगिंग बंद. अकरा आठवड्यांपूर्वीचा. याच तक्रारीवर आधीच्या माणसाने टाकलेला. पोर्टल तेव्हाही उघडलं नव्हतं, पण नियम राहिला. नियम वरून खाली वाचले जातात आणि जो पहिला जुळतो तोच लागतो. त्यामुळे बाहेर जाणाऱ्या ट्रॅफिकचे खालचे सगळे नियम तेव्हापासून निकामी. एकेकाचा शेवटचा वापर बघितला, सगळीकडे त्याच दिवसाची तारीख. वेब फिल्टर नाही, अँटिव्हायरस नाही, काही नाही. पगाराच्या फाइली जिथून बँकेत जातात ते मशीन या लाइनवर होतं. मला खरंच घाम फुटला.

आता दुखणं काय होतं? ताईंच्या मशीनचा आयपी धरून पॅकेट कॅप्चर (जाणाऱ्या-येणाऱ्या डेटाच्या तुकड्यांची नोंद) लावलं. सिन गेलं, सिन-अ‍ॅक आलं, अ‍ॅक गेलं. जोडणी झाली. क्लायंट हेलो, म्हणजे सुरक्षित जोडणीसाठी ब्राउझरचा पहिला निरोप, गेला, त्याची पोच आली आणि मग शांत. सर्टिफिकेट घेऊन येणारी मोठी पॅकेट आलीच नाहीत. विचारलं तर कळलं की लीज्ड लाइन काढून पीपीपीओईवाली (यूजरनेम-पासवर्डने जोडली जाणारी) फायबर घेतलीय. इथरनेटचा एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची कमाल मर्यादा, १५०० बाइट, पीपीपीओई त्यातले ८ बाइट खातं, उरतात १४९२. मोठं पॅकेट वाटेत अडलं की 'लहान करून पाठव' असा आयसीएमपी (नेटवर्कमधल्या अडचणी कळवणारा) निरोप सर्व्हरला जातो. सर्व्हरच्या बाजूला कुणी आयसीएमपी सरसकट बंद केलं असेल तर तो निरोप पोचत नाही, आणि सर्व्हर तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत बसतो. आपल्या बाजूने एमएसएस, म्हणजे एका पॅकेटातल्या डेटाची मर्यादा, १४५२ केला. ताईंनी रिफ्रेश मारलं, पान उघडलं. पॉलिसीचा, म्हणजे फायरवॉलच्या नियमांचा, काडीचा संबंध नव्हता.

म्हणून म्हणतो, आधी लॉग. त्या मशीनचा आयपी टाका, कितव्या नंबरच्या नियमावर ट्रॅफिक लागलं ते बघा, गेलेले आणि आलेले बाइट बघा. नियमाला हात त्यानंतर.

ओपीडी_काउंटर

असहमत. मनापासून असहमत.

मी ऐंशी खाटांच्या हॉस्पिटलात एकटा आयटीवाला आहे. विम्याचं पोर्टल उघडलं नाही की डिस्चार्जचं पेशंट खाली बाकावर बसून राहतं. नातेवाईक काउंटरवर, मेट्रनचा फोन चालू, आणि मी कॅप्चर वाचत बसू? एक नियम टाकला, चाललं तर दुखणं फायरवॉलमध्ये, नाही चाललं तर बाहेर. अर्धी शक्यता दोन मिनिटांत बाद. तुमच्याच गोष्टीत बघा. नियम टाकूनही पोर्टल उघडलं नाही म्हणजे पॉलिसीचं दुखणं नाही हे पहिल्याच दिवशी सिद्ध झालं होतं. त्या माणसाने त्यातून काही शिकून घेतलं नाही आणि नियम काढला नाही, हा त्याचा दोष. पद्धतीचा नाही.

गेटवे_सांगली

पेशंट बाकावर बसलेलं असतं हे मला मान्य आहे, माझे वडील तसेच बसले होते. पण ती दोन मिनिटं लॉगलाही पुरतात. सोर्स आयपीचं फिल्टर लावायला किती वेळ लागतो? 'डिनाय' दिसलं तर पॉलिसी. 'अ‍ॅक्सेप्ट' दिसलं, गेलेले बाइट आहेत आणि आलेले शून्य, तर रूट (पॅकेटची वाट) किंवा नॅट (आतल्या पत्त्याऐवजी बाहेरचा पत्ता लावणं) बघा. नॅटचा टिक लावायचा राहिलेला असतो, पॅकेट आतल्या १९२.१६८ पत्त्यानिशीच बाहेर पडतं आणि उत्तर परत येत नाही. हे मी किती ठिकाणी बघितलंय. तेवढंच कळायला अख्खं ऑफिस उघडं टाकायची गरज नाही.

टिळकरोड_नोक

लॉगवर एवढा भरवसा असेल तर दोन प्रसंग सांगतो.

३० सप्टेंबर २०२१. डीएसटी रूट सीए एक्स३ हे मूळ सर्टिफिकेट त्या दिवशी संपलं. लेट्स एन्क्रिप्ट या सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेच्या कितीतरी साइटची सर्टिफिकेट-साखळी अजून त्याच्यापर्यंत जात होती. ब्राउझरकडे आयएसआरजी रूट एक्स१ हे नवं मूळ सर्टिफिकेट होतं, त्यांचं भागत होतं. पण डीप इन्स्पेक्शन (एन्क्रिप्ट केलेलं ट्रॅफिक उघडून तपासणं) करणाऱ्या काही फायरवॉल जुन्याच वाटेने साखळी तपासत राहिल्या आणि चांगल्या साइटना अविश्वासू ठरवू लागल्या. आमच्याकडे पॉलिसी लॉगमध्ये 'अ‍ॅक्सेप्ट' दिसत होतं, लोकांच्या स्क्रीनवर सर्टिफिकेटची चूक.

दुसरा, एप्रिल २०२४. क्रोम १२४ मध्ये पोस्ट-क्वांटम की (पुढच्या क्वांटम संगणकांनाही फुटू नये अशी) डिफॉल्ट चालू झाली. नुसता तो की शेअर १२१६ बाइटचा, त्यामुळे क्लायंट हेलो एका पॅकेटात मावेना, दोन झाली. पहिल्याच पॅकेटात साइटचं नाव मिळेल असं धरून चालणारी काही उपकरणं अडखळली. क्रोमवर बंद, फायरफॉक्सवर चालू, लॉग स्वच्छ.

दोन्ही वेळा एका मशीनला इन्स्पेक्शनमधून बाहेर काढलं तेव्हाच उलगडा झाला. बायपास हे निदानाचं हत्यार आहे. ते टाकून द्यायला मी तयार नाही.

गेटवे_सांगली

नोकभाऊ, २०२४ चा प्रसंग मी स्वतः दोन दिवस भोगलाय. तुमचं म्हणणं इथे बरोबर आहे आणि माझं वरचं वाक्य तेवढ्यापुरतं दुरुस्त करतो: इन्स्पेक्शन मध्ये असेल तर नुसता पॉलिसी लॉग पुरत नाही. पण तुम्ही एक मशीन काढलंत, सगळ्या ऑफिसाला 'ऑल' दिलं नाहीत. माझं भांडण त्या 'ऑल'शी आहे.

ठाण्याची_हेल्पडेस्क

तुम्ही सगळे फायरवॉलपासून सुरू करताय. मी फोन उचलणारी आहे, आमच्याकडे तक्रार येते ती एका वाक्यात: "नेट बंद आहे." नेट बंद नसतं. मी पहिल्यांदा स्क्रीनवर काय लिहिलंय ते अक्षरशः वाचून दाखवायला सांगते. 'टाइम्ड आउट' म्हणजे कुणीतरी पॅकेट गुपचूप टाकून देतंय. 'रिफ्यूज्ड' किंवा 'रीसेट' म्हणजे कुणीतरी उत्तर देऊन नकार दिलाय. 'नेम नॉट रिझॉल्व्ड' असेल तर आधी डीएनएस (साइटच्या नावाचा आयपी शोधून देणारी सेवा) बघायचं. एवढं नीट लिहून घेतलं तर तुमच्यापर्यंत येणाऱ्या निम्म्या तक्रारींचं उत्तर आधीच हातात असतं. पण नेटवर्कची मंडळी हे लिहून पाठवलेलं वाचत नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

डीएनएसचं अजून एक. नियमात साइटचं नाव टाकलं की झालं असं तुम्ही धरता. फायरवॉल त्या नावाचा आयपी स्वतःच्या डीएनएसकडून आणते, यूजरचं मशीन दुसऱ्या डीएनएसकडून. सीडीएनवरची (ठिकठिकाणच्या सर्व्हरवरून दिली जाणारी) साइट असेल तर दोघांना वेगळे आयपी मिळतात, नियम जुळत नाही, ट्रॅफिक शेवटच्या डिनायवर पडतं. सकाळी चालतं, दुपारी बंद, संध्याकाळी परत चालू. ही तक्रार घेऊन आमच्या एका कर्मचाऱ्याने तीन वेळा फोन केला होता आणि प्रत्येक वेळी "आता चालतंय ना?" म्हणून तिकीट बंद केलं गेलं. फायरवॉल आणि मशीन दोघांना एकाच डीएनएसवर आणलं तेव्हा थांबलं.

टिळकरोड_नोक

ताई, +१. त्यात क्विकचीही (ब्राउझरची यूडीपीवरून चालणारी जोडणी) भर घाला. टीसीपी ४४३ ला परवानगी, यूडीपी ४४३ अर्धवट, अशा ठिकाणी कधी चालतं कधी नाही. इन्स्पेक्शन हवं असेल तर क्विक पूर्ण बंद करा, ब्राउझर टीसीपीवर येतो.

लेखापरीक्षण_नाशिक

ज्या नियमाला लॉगिंग बंद आहे, त्याच्याबद्दल कुणी बोललं नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश आहेत: लॉग १८० दिवस ठेवायचे, सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची. त्या 'टेस्ट' नियमातून अकरा आठवड्यांत काय गेलं हे कारखान्याला आता कुणीही सांगू शकणार नाही. मी तपासणीला जातो तेव्हा पहिल्यांदा 'टेस्ट', 'टेम्प', 'न्यू१' अशी नावं शोधतो, आणि ती सापडतात. माझं मत गेटवे यांच्याहून कडक आहे: लेखी मंजुरीशिवाय एका मशीनलाही बायपास नको.

ओपीडी_काउंटर

नाशिककर, मंजुरी कुणाची घेऊ? आमच्याकडे आयटी म्हणजे मी. रात्री अकराला मंजुरी देणारा झोपलेला असतो आणि पेशंट जागं असतं. तुमच्या नियमाने नोंद स्वच्छ राहील, माझं काउंटर बंद पडेल.

लेखापरीक्षण_नाशिक

रात्री टाका, सकाळी लिहा. पण लिहा. कुणाच्या मशीनला, किती वाजता, कशासाठी. एक वही ठेवलीत तरी मला चालेल. आणि लॉगिंग चालू ठेवा, ते बंद करायला पेशंटचं कारण चालणार नाही.

ओपीडी_काउंटर

काल परत तोच प्रसंग आला, म्हणून परत लिहितोय. विम्याचं पोर्टल उघडत होतं, पण डिस्चार्ज समरीची पीडीएफ अपलोड होत नव्हती. बटण दाबलं की फिरत राहायचं. या वेळी ऑल टाकलं नाही. फक्त काउंटरच्या मशीनचा आयपी, वेब फिल्टर काढलेला, लॉगिंग चालू, दुपारी दीडपर्यंतचं शेड्यूल. अपलोड झालं, पेशंट घरी गेलं. मग लॉग बघितला. पोर्टलला परवानगी होती, पण फाइल ज्या दुसऱ्या डोमेनवर जाते ते फाइल शेअरिंगच्या कॅटेगरीत ब्लॉक होतं. तेवढंच डोमेन काउंटरच्या मशीनला सोडलं.

आधी नियम, मग लॉग हा माझा क्रम मात्र तोच राहणार आहे. समोर माणूस थांबलेलं असताना मी दुसरं काही करणार नाही.

गेटवे_सांगली

आपला क्रम जुळणार नाही, ठीक आहे. एवढंच विचारतो, दीडनंतर तो नियम खरंच बंद झाला का ते बघितलंत? काही फायरवॉलवर शेड्यूल संपलं तरी आधीचं चालू सेशन (जोडणी) तसंच राहतं. त्या मशीनची सेशन एकदा काढून टाका.

ओपीडी_काउंटर

नियम बंद झालाय. सेशन बघितली नव्हती. आत्ता बघितली, दोन उघडी होती. काढली.