सहा जणांच्या टेबलावर छोटी जोडी: कॉल, ऑल-इन की फोल्ड?

टिळकवाडीकर
आम्ही सहाजण शनिवारी रात्री शहापुरात एकाच्या दुकानाच्या माडीवर पोकरची टूर्नामेंट खेळतो. पैसे लावत नाही. पहिल्या दोघांना बाकीचे चौघे मटणाचं ताट देतात. ब्लाइंड (डीलरच्या पुढच्या दोघांनी दर डावाला सक्तीनं घालायच्या चिप्स) 500-1000, मी डीलर, माझ्यापुढं 11,000 चिप्स, हातात पंज्यांची जोडी. सगळ्यात आधी बोलणाऱ्यानं 2,500 केले, त्याच्याकडं 14,000. मधले दोघे फोल्ड, म्हणजे पानं टाकून मोकळे. चुलतभाऊ म्हणतो, कॉल कर, म्हणजे तेवढेच 2,500 घाल, तिसरी पंजी पडली की सगळं आपलंच. मला तो कॉल पटत नाही, पण सहाच जणांत जोडी टाकायलाही जीव होत नाही. काय करावं?

निपाणीवाला
फोल्ड कर गा. चुलतभावाला हिशेब मांडून दाखव.

हातात जोडी असली तर फ्लॉपवर (टेबलावर उघडणाऱ्या पहिल्या तीन पानांत) सेट, म्हणजे जोडीचं तिसरं पान, लागायचं प्रमाण 11.8 टक्के, म्हणजे साधारण साडेआठ वेळांत एकदा. तेवढ्यासाठी 2,500 घालायचे तर दोघांकडंही त्याच्या पंधरा-वीस पट चिप्स पाहिजेत, कमीत कमी 37,500. तुझ्याकडं मागं 8,500 उरतात. ब्लाइंड 50-100 असताना हाच कॉल मी लगेच करतो, कारण तिथं सेट लागला तर त्याची भरपाई होते. इथं होत नाही. आणि सेट नाही लागला तर? पंजीपेक्षा मोठं एक तरी पान फ्लॉपवर शंभरात 98 वेळा पडतं. त्यानं पुढं रेटलं की तू टाकणार.

"थांबू, लागेल कधीतरी" हे सहा जणांत चालत नाही. नऊ जण असले तर ब्लाइंड नऊ डावांनी फिरून येतात, इथं सहाच डावांनी. फेरीला 1,500 जाणार, म्हणजे नुसता बसून राहिलास तरी 44 डावांत संपलास, आणि ब्लाइंड वाढले तर त्याच्याही आधी. जोडी येते सतरा डावांत एकदा. तेवढ्यात दोन-तीन जोड्या दिसतील, त्यात सेटची वाट कुठं बघत बसणार?

ऑल-इनही (सगळ्या चिप्स ढकलणं) इथं नको. त्या 2,500 वाल्याला आणखी 8,500 घालायचेत आणि समोर पॉट, म्हणजे मधे जमलेल्या चिप्स, 15,000 चा. तो सोडत नाही. मोठी जोडी असली तर तू पाचात एकदाच जिंकतोस.

तुझ्या आधीचे तिघेही फोल्ड झाले असते तर मात्र याच पंज्यांवर 11,000 सरळ ढकल. दोघं ब्लाइंडवाले सुटले तर 1,500 फुकट, म्हणजे तुझ्या चिप्समध्ये जवळजवळ 14 टक्के वाढ. एक्का-राजानं कॉल केला तरी शंभरात 55 वेळा पंज्याच जिंकतात. आधी ढकलणाऱ्याला जिंकायच्या दोन वाटा असतात, समोरचा सोडतो किंवा आपली पानं जिंकतात; कॉल करणाऱ्याला दुसरी एकच. मला तर छोट्या जोडीचा सगळा खेळ इथंच दिसतो.

खानापूरचा
वरचं सगळं बरोबर, पण तुमच्या दोन ताटांचं बघा की. दोन्ही बक्षिसं सारखी, म्हणजे पहिला येऊन जास्त काही मिळत नाही. तिघं उरलेत, एकाकडं 2,000 राहिलेत, आणि तुमच्या तोडीच्यानं ऑल-इन केलं, तर अठ्ठ्यांची जोडीसुद्धा टाका. तो 2,000 वाला ब्लाइंडमध्येच जाणार आहे. चोर्ला घाट उतरून पणजीत खेळायला गेलात तर तिथं पहिल्या नंबरला जास्त पैसे असतात, तेव्हा एवढं आखडायचं नाही.

टिळकवाडीकर
कळालं दादा. मी स्मॉल ब्लाइंड (500 वाला), 1000 वाला सोडून सगळे फोल्ड, मागं 10,000 आणि दुर्रीची जोडी असली तर? तेव्हा नुसतं 500 पुरे करून फ्लॉप बघितला तर चालंल?

निपाणीवाला
नको. ऑल-इन. 1000 वाल्याकडं इस्पिकचे गुलाम-दश्शी असले तर दुर्रीची जोडी थोडी मागंच असते, फुकटचा फ्लॉप त्याला कशाला दाखवतोस? ढकललंस की तीच पानं तो बऱ्याचदा टाकून देतो. फक्त ताटाला एकच जण जास्त उरला असला तर आधी खानापूरवाल्यांनी सांगितलेलं बघ, तिसऱ्याकडं किती चिप्स आहेत ते मोज, मग हात घाल.