गवत कापायचं मशीन, उतारावरची हिरवळ आणि चप्पल न सोडणारे अण्णा: सल्ला पाहिजे

पाचगावचा_पोरगा

नमस्कार मंडळी. घर कोल्हापूरजवळ पाचगावात, पुढं साधारण आठशे स्क्वेअर फूट हिरवळ. निम्मी सपाट, निम्मी रस्त्याकडं उतरती. मशीन पेट्रोलचं, सेकंडहँड घेतलेलं, १८ इंची पातं.

गेल्या रविवारी पावसानं जरा उघडीप दिली तशी अण्णांनी मशीन बाहेर काढलं. गवत ओलं, पायात चप्पल. उतारावर मशीन मागं ओढताना पाय सरकला आणि डाव्या चपलेचा पुढचा तुकडा गेला. अंगठा कसा वाचला देव जाणे. आई ओरडत बाहेर आली, मी मशीन बंद केलं. अण्णा चपलेकडं बघून एवढंच म्हणाले, "तीनच महिने झाले होते घेऊन."

अण्णा ६६ वर्षांचे. ३१ वर्षं शिरोलीला फौंड्रीत मोल्डिंगला होते. त्यांचं म्हणणं, तिथं जन्मभर लोखंडी टोपीचे बूट वागवले, आता स्वतःच्या अंगणात तरी मोकळ्या पायानं फिरू द्या.

कुठला बूट घ्यावा? मशीनच बदलू का, विजेवरचं बरं पडेल का? आणि मुख्य म्हणजे या माणसाला समजवायचं कसं?

रंकाळ्यावरचा_वारा

अण्णांना सांगा, कोल्हापुरी चपलेला २०१९ साली जीआय मानांकन मिळालंय. चप्पल दुसरी मिळंल. अंगठ्याचं तसं न्हाई.

उद्यमनगरी

भावा, आधी एक हिशेब अण्णांपुढं ठेव. फौंड्रीतला माणूस आहे, आकडा कळतो त्यांना. पातं १८ इंची, फेरे मिनिटाला ३००० धर. म्हणजे सेकंदाला ५०. पात्याचं टोक एका फेऱ्यात जवळजवळ १.४४ मीटर जातं. गुणाकार केलास तर ताशी अडीचशे किलोमीटरच्या वर वेग येतो. त्या टोकापुढं कातडं काय नि रबर काय.

बुटाचं म्हणशील तर आयएस १५२९८ (भाग २), म्हणजे सुरक्षा बुटाच्या भारतीय मानकाचा, शिक्का असलेलाच घे, साधा 'मजबूत दिसणारा' नको. टोपीवर २०० ज्यूलचा मार झेलायची चाचणी त्यात असते. खाली खोल नक्षीचा सोल बघ. ओल्या गवतात टोपीआधी सोल कामाला येतो, कारण घसरलाच नाहीस तर पाय पात्याजवळ जातोच कशाला? मी बाराशेला घेतलाय, शाहूपुरीत आणि एमआयडीसीच्या दुकानांत भरपूर मिळतात. अण्णांना जड वाटत असेल तर कंपोझिट (फायबर-प्लॅस्टिकच्या) टोपीचा बघ, स्टीलपेक्षा हलका असतो.

पण बूट घातला म्हणजे पाय मशीनखाली घालायचा परवाना मिळाला असं न्हाई. टोपी फक्त बोटांवर असते. घोटा, पायाची वरची बाजू, तळवा, सगळं उघडंच.

माळीकाम_२२वर्षे

मी ताराबाई पार्क, नागाळा पार्क, रुईकर कॉलनी या भागात बंगल्यांच्या हिरवळी सांभाळतो. वर बुटावर चर्चा चालली आहे, चांगलं आहे, पण माझ्या मते बूट हा शेवटचा मुद्दा. तुमच्या अण्णांचा पाय गेला असता तो चपलेमुळं नव्हे, मशीन मागं ओढल्यामुळं. नीट आठवून बघा, अपघाताच्या गोष्टी सांगणारे सगळे "मागं घेताना" हेच सांगतात. पुढं ढकलताना माणूस मशीनच्या मागं असतो. ओढताना मशीन माणसाच्या अंगावर येत असतं आणि तो स्वतः उलटा चालत असतो, पायाखाली काय आहे ते दिसत नाही.

म्हणून माझ्या पोरांना पहिला नियम: मशीन मागं ओढायचं नाही. वळण घ्यायचं तर पुढं नेऊन वळवा. कोपऱ्यात अडकलंच तर खटका सोडा, पातं थांबू द्या, मग ओढा.

उतारावर मागून ढकलायचं मशीन आडवं चालवायचं, वर-खाली नाही. खाली ढकलताना घसरलात तर पाय पुढं, सरळ मशीनखाली जातात. वर नेताना घसरलात तर मशीन पायांवर येतं. आडवं चालताना घसरलात तरी मशीन बाजूला राहतं. बसून चालवायच्या मशीनचं उलटं आहे, ते वर-खाली चालवतात, नाहीतर पलटतं. पण ते तुमच्याकडं नाही.

आता कटू बोलतो. चार फुटाला एक फूट चढ म्हणजे जवळजवळ १४ अंश. त्याहून जास्त चढ असेल तर तिथं मशीन चालवूच नका. आडवंही नको. आमच्याकडं असा उतार आला की मी मालकाला सांगतो, गवत काढा. दगडाचे दोन टप्पे करून घ्या, कडेला वाळा लावा, माती धरून ठेवतो. लोक वेडेलियाही लावतात, पिवळी फुलं येतात, पण तो फार पसरतो, शेजाऱ्याच्या दारात गेला की भांडण तुमचं. एकदा खर्च, मग दर आठवड्याची कटकट गेली.

आणि ओलं गवत कापायचं नाही. कोल्हापुरात जुलैत कोरडं गवत कुठनं आणायचं, हे मलाही कळतं. पण सकाळी दव असतं, दुपारी ऊन पडलं की दोन-तीन तास मिळतात. तेवढ्यात उरका. पावसाळ्यात उंची दोन इंच राहू द्या, एका वेळी तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त कापू नका. गवत फार वाढलं की ओला लगदा होऊन बाहेर पडायचं तोंड बुजतं, मग माणूस काय करतो? मशीन चालू ठेवून पायानं ढोसतो. दुसरा अपघात तिथं होतो.

एक विचारायचं राहिलं. तुमच्या मशीनच्या हँडलवरचा खटका सोडल्यावर पातं किती वेळात थांबतं?

पाचगावचा_पोरगा

काका, लाजच वाटली हे लिहिताना. आत्ता बघून आलो. खटका सायकलच्या ट्यूबनं बांधलेला आहे. ज्याच्याकडनं मशीन घेतलं त्यानंच बांधून दिलं होतं, "हात दुखत नाही" म्हणून. आम्ही सगळे ती सोय समजत होतो.

माळीकाम_२२वर्षे

आत्ता कापा ती ट्यूब. धाग्यात नंतर या.

तो खटका माणूस पडला तर मशीन थांबावं म्हणून दिलेला असतो. अमेरिकेत १९८२ पासून नियम आहे की हात सोडला की तीन सेकंदांत पातं थांबलंच पाहिजे. आपल्याकडं मिळणाऱ्या बऱ्याच मशीनमध्ये तीच योजना असते, आणि आपण तिला ट्यूब बांधतो. अण्णा घसरले तेव्हा त्यांच्या हातातून हँडल सुटलं असेल ना? खटका मोकळा असता तर मशीन तिथंच मालवलं असतं.

बावड्याचा_शेतकरी

आमच्याकडं गगनबावड्यात लॉन कुठलं, पण बांधावरचं नि पडीकातलं गवत कापायला आता घरोघरी ब्रश कटर (लांब दांड्याचं, खांद्याला अडकवायचं मशीन) आलाय. विळ्यानं दोन दिवस लागायचे ते काम तासात होतं. पण पायाचं सांगायचं तर हे मशीन तुमच्या लॉनच्या मशीनपेक्षा वाईट, कारण पातं उघडं असतं आणि आपला पाय त्याच्या समोर.

आमच्या वाडीत एकानं दोरीच्या रिळात नायलॉन संपली म्हणून क्लचची तार घातली. तार तुटून तुकडा पोटरीत घुसला. त्या जागी तार, साखळी असलं काही कधी घालू नका. नायलॉनचीच दोरी घाला.

धातूचं पातं लावलं तर आणखी एक. वरनं बघितलं तर पातं डावीकडं फिरतं, म्हणून कापणी डाव्या बाजूनं घ्यायची, उजवीकडून डावीकडं झोत मारत. घड्याळाचा काटा धरा. १२ ते ३ या भागात दगड, खुंट लागला की मशीन झटका देऊन उजवीकडं फेकलं जातं. आमच्याकडं जांभ्याचे दगड गवतात दडलेले, त्यामुळं आधी काठीनं ढुसून बघतो. गमबूट असतात, त्यावर नडगीला पुढून पॅड बांधतो. कापताना पंधरा मीटरच्या आत कोण येऊ देत नाही, म्हशीसुद्धा न्हाई.

उद्यमनगरी

@बावड्याचा_शेतकरी, तारेचं लई खरं बोललास. आमच्याकडं असली मशीन दुरुस्तीला येतात, अर्ध्या मशीनचा गार्ड काढलेला असतो. विचारलं तर म्हणतात, "गार्ड लावला की गवत अडकतंय."

शाहूपुरीचा_जावई

एवढी झंझट कशाला. हातानं ढकलायचं रोलरवालं मशीन घ्या, पेट्रोल नको, आवाज नको. माझ्याकडं सहा वर्षं आहे.

माळीकाम_२२वर्षे

सपाट भागासाठी मस्त सल्ला आहे. चाक थांबलं की पाती थांबतात, दगड उडत नाहीत. पण कोल्हापूरच्या पावसात वाढलेल्या गवताला ते दाद देत नाही, दर चौथ्या दिवशी फिरवावं लागतं. आणि अडकलेली काडी काढताना रोलर हातानं फिरवू नका, एक पातं हललं की सगळी हलतात. बोटं तिथंच जातात.

विजेवरचं विचारलं होतंत म्हणून सांगतो. हलकं असतं, अण्णांना बरं. पण ओल्या गवतात वायर ओढत फिरायचं असेल तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळाला की लाईन तोडणारा स्विच) लाईनवर असलाच पाहिजे, आणि वायर खांद्यावरून मागं टाका. बॅटरीवरचं परवडलं तर आणखी चांगलं. पात्याला हात लावायच्या आधी पेट्रोलच्या मशीनची स्पार्क प्लगची कॅप काढायची, विजेच्या मशीनचा प्लग आणि बॅटरीच्या मशीनची बॅटरी. पातं हातानं फिरवलं तरी गरम इंजिन चालू होऊ शकतं, हे लोकांना खरं वाटत नाही.

सिस्टर_माई

मी कॅज्युअल्टीत पंधरा वर्षं काम केलंय. सगळे मशीनवर बोलत आहात, मी पुढचं सांगते, कधी लागू नये पण माहीत असू द्या.

पायाला मशीनचं पातं लागलं तर जखम बाहेरून लहान दिसली तरी घरी मिटवू नका. पात्यासोबत माती, शेण, गवत खोल आत जातं, हाड मोडलेलं असू शकतं. ती आतून धुवावी लागते, ऑपरेशन थिएटरमध्ये. हळद, चहापूड, कॉफी असलं काही भरू नका, आम्हाला तेच आधी काढत बसावं लागतं. स्वच्छ कापड घ्या, घट्ट दाबा, दहा मिनिटं उघडून बघू नका, पाय उंच ठेवा. १०८ ला फोन करा. पेशंटला खायला-प्यायला देऊ नका, भूल द्यावी लागली तर अडचण होते. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवून सांगा.

बोट तुटून पडलं तर शोधा. स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळा, प्लॅस्टिक पिशवीत घाला, ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवायचं नाही, पेशी मरतात. सीपीआरला (कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात) न्या किंवा जवळ असेल तिथं, पण पिशवी पेशंटसोबत जाऊ दे.

@पाचगावचा_पोरगा, अण्णांना शुगर आहे का? आणि घरात लहान मूल आहे का?

पाचगावचा_पोरगा

शुगर आहे, बारा वर्षं. आणि भाचा पाच वर्षांचा आहे, तो अण्णांच्या मागं मागंच असतो.

सिस्टर_माई

मग दोन गोष्टी. शुगर असली की तळपायाला कमी जाणवतं. नवीन बूट घासून फोड आला तरी कळणार नाही, आणि तोच पुढं चिघळतो. बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो, म्हणजे माप खरं येतं. आत सुती मोजे. काढल्यावर रोज पाय बघायचे, तळवा दिसत नसेल तर आईंना बघू दे.

आणि भाचा मशीन चालू असताना घरात, दार लावून. नुसतं "लांब उभा राहा" चालत नाही, पोरगं काय आजोबांच्या मागं धावायचं थांबतंय होय? अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं हातानं ढकलायचं मशीन बारा वर्षांच्या आत चालवू देऊ नका म्हटलंय, बसायचं मशीन सोळाच्या आत.

पाचगावचा_पोरगा

दोन आठवड्यांनी परत आलो.

समजवायची गरजच पडली नाही. मी फक्त अण्णांना उद्यमनगरीचा गुणाकार आणि तीन सेकंदांची गोष्ट वाचून दाखवली. अण्णांनी ट्यूब स्वतः कापली, मशीन सपाटावर घेतलं, खटका सोडला आणि माझ्या मोबाइलवर वेळ लावली. अकरा सेकंद. पुन्हा केलं, दहा. म्हणाले, "ब्रेकचा पॅड गेलाय." मग ते मशीन गाडीत टाकून उद्यमनगरात गेले, तिथल्या मेकॅनिकशी तासभर बोलत बसले. आता पावणेतीन सेकंद येतात आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते करून दाखवलं जातं.

उताराचं काम दिवाळीनंतर. तोवर तिथलं गवत विळ्यानं.

बुटाबद्दल मात्र "आहेत माझ्याकडं" म्हणाले. माळ्यावरनं कंपनीतले शेवटचे बूट काढले, सात वर्षं पेपरात गुंडाळून ठेवलेले, नवे कोरे दिसत होते. घालून अंगणात दहा पावलं टाकली आणि सोलचा भुगा पडायला लागला. मागं तुकड्यांची रेघ.

उद्यमनगरी

पीयूचा (पॉलियुरेथेन, फोमसारखं प्लॅस्टिक) सोल असणार. दमट हवेत पडून राहिला की आतून सुटतो, न वापरलेलाही. आमच्याकडं दर पावसाळ्यात कोणाचा तरी होतो. नवाच घ्या, संध्याकाळी घ्या, माईंनी सांगितलंय तसं. माप किती?

पाचगावचा_पोरगा

नऊ नंबर. अण्णा विचारतात, चॉकलेटी रंगात मिळतात का. काळे घालून ३१ वर्षं झाली.