फिल्डवरच्या पोरांना ओएसपीएफ-एमपीएलएस (राऊटरांनी वाट शोधणं आणि लेबल लावून पॅकेट पुढे पाठवणं) शिकवायचं की आधी पॉवर मीटर (फायबरमधला उजेड मोजायचं यंत्र)?

रिंगवाला: २०२३च्या सुधारित भारतनेटमध्ये, म्हणजे गावोगाव फायबरने इंटरनेट नेणाऱ्या सरकारी योजनेत, ग्रामपंचायती रिंगने (दोन्ही बाजूंनी वाट असलेल्या गोल जोडणीने) जोडायच्या आणि ब्लॉकपासून ग्रामपंचायतीपर्यंत आयपी-एमपीएलएस राऊटर बसवायचे ठरले. तरी तालुक्याच्या इंजिनिअरला अजून स्प्लायसिंग (तुटलेली फायबर जोडणं) आणि ओएनटी (फायबरच्या टोकाचा डबा) बदलण्यापलीकडे काही शिकवत नाहीत. माझं मत, राऊटिंग आधी शिकवा. पूर्वी केबल तुटली की गाव बंद, लगेच तक्रार. रिंगमध्ये पहिला कट कोणाला कळतच नाही, ट्रॅफिक उलट्या बाजूने फिरतं. दुसरा कट झाला की मधली सगळी गावं एकदम जातात. आणि तोवर पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडचा रस्ता बंद झालेला असला, तर जाणार कोण? रोज ओएसपीएफचे नेबर (थेट जोडलेले शेजारचे राऊटर) मोजा. दोन हवेत तिथे एकच दिसला, की निघा.

वऱ्हाडी स्प्लायसर: काहून बाप्पा, नेबर पडते कशानं ते तर पाहा! अकोला-चंद्रपूरकडं मे महिन्यात पारा ४५च्या वर, पेटी बंद, पंखा जाम. लाइट गेली, बॅटरी मेलेली, राऊटर रात्रभर बंद-चालू. त्याले ओएसपीएफ काय करन? एकाच फायबरवरचं एसएफपी (राऊटरात खुपसायचं फायबरचं मॉड्युल) जोडीचं असते, एका टोकाले १३१० नॅनोमीटरचा उजेड सोडणारं, दुसऱ्या टोकाले १५५०. दोन्हीकडं एकाच जातीचं लावलं तर मीटरवर उजेड चांगला दिसते, लिंक काही येत नाही. हे ज्याले माहीत नाही त्याले एमपीएलएस कायले?

रिंगवाला: मान्य. पण उजेड -१४ डीबीएम, म्हणजे ठीक, पिंगही (चाचणीचं पॅकेट) चालतं, आणि नेबर मात्र एक्सस्टार्टवर (ओळख अर्धवट राहिलेल्या टप्प्यावर) अडकलाय. आता मीटर काय सांगणार? बहुतेक वेळा दोन टोकांचा एमटीयू (पॅकेटची कमाल लांबी) जुळत नसतो. 'तुकडे करू नका' लावून १४७२ बाइटचं पिंग मारा, २८ हेडरचे मिळून १५०० होतात. हे माहीत नसलेला माणूस सेमाडोहचा घाट चढून धारणीला नवा राऊटर नेतो आणि दोष तिथेच राहतो.

स्विचवाली: तुम्ही दोघं राऊटरवर भांडताय, ग्रामपंचायतीत खरा घोळ स्विचचा असतो. कोणीतरी पॅच कॉर्डची दोन्ही टोकं एकाच साध्या स्विचमध्ये खुपसतो, लूप होतो आणि सगळे दिवे एकदम लुकलुकू लागतात. एसटीपीची (लूप तोडणाऱ्या प्रोटोकॉलची) प्रायॉरिटी सगळीकडे ३२७६८च ठेवली तर सर्वांत लहान मॅकवाला (मॅक म्हणजे यंत्राचा पत्ता), म्हणजे बरेचदा जुनाट डबा, रूट (मुख्य स्विच) होऊन बसतो. ब्लॉकच्या स्विचला ४०९६ द्या (लहान आकडा जिंकतो), कार्यालयाकडच्या पोर्टांवर बीपीडीयू गार्ड लावा, म्हणजे एसटीपीचा निरोप (बीपीडीयू) आला की पोर्ट बंद. काही स्वस्त स्विच बीपीडीयू गिळतात, मग गार्डला पत्ताच लागत नाही. म्हणून पॅकेटांचा पूर आवरणारा स्टॉर्म कंट्रोलही हवाच.

वऱ्हाडी स्प्लायसर: हे पटलं. पण लॉगिन कोणापाशी आहे? पोरगं खांबाखाली उभं, पासवर्ड नागपूरले, फोनले रेंज नाही. निदान पाहण्यापुरतं लॉगिन द्या, नाहीतर प्रशिक्षणाचा कागद भिंतीवर लावा. अन् बीजीपी (मोठ्या नेटवर्कांमधलं राऊटिंग) काढा त्या अभ्यासक्रमातून.

रिंगवाला: बीजीपी काढा, हरकत नाही. बघण्यापुरतं लॉगिनही पुरे, बदल एनओसी (नेटवर्कचं नियंत्रण केंद्र) करील. एमपीएलएसचं लेबल मात्र सोडणार नाही. एका लेबलाचे ४ बाइट, व्हीपीएनमध्ये (एका ग्राहकाचं वेगळं ठेवलेलं नेटवर्क) दोन लेबलं, म्हणजे १५००चं पॅकेट १५०८ होतं. मधलं एखादं यंत्र १५००वर अडलं तर साधं पिंग मस्त जातं, सेवा केंद्रात दाखल्याचं पान तेवढं फिरत राहतं. आणि 'लिंक तर चालू आहे' म्हणत तक्रार बंद होते.