मदत हवी आहे: वस्तीवर कारवानी कुत्रं पाळावं का? घरात लहान मुलगी, गोठ्यात शेळ्या आहेत

मंडळी, नमस्कार.

आम्ही सांगोला तालुक्यात डाळिंबाच्या बागेत वस्तीला राहतो. घरात मी, बायको, सहा वर्षांची मुलगी आणि आई. आईचे गुडघे गेलेत, काठीशिवाय चालत नाही. गोठ्यात दोन म्हशी, काही शेळ्या, अंगणात गावठी कोंबड्या. रात्री रानडुकरं बागेत शिरतात, ठिबकच्या नळ्या उपसून टाकतात. लांडग्याची धास्ती तर बाराही महिने. कुत्रं घ्यायचंच आहे, फक्त जात ठरत नाही.

माझं मन कारवानीवर आहे. जत, मंगळवेढा, खाली विजापूर, मुधोळपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या पाळलेलं हे कुत्रं. उंच, खोल छातीचं, पोट आत गेलेलं, वासापेक्षा नजरेवर शिकार करणारं. कर्नाटकात त्याला मुधोळ म्हणतात, केनेल क्लब ऑफ इंडियाच्या नोंदीत ते कॅरव्हान हाउंड आहे. कानांवर आणि पायांवर लांब केस असलेलं ते पश्मी. इथल्या उन्हात आणि इथल्या भाकरीवर वाढलेलं जनावर सोडून बाहेरची जात आणावी, हे मला पटत नाही.

शिकार करायची नाही, हे आधीच सांगतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ससासुद्धा मारता येत नाही, आणि वन्यप्राण्यामागे कुत्री सोडणंही शिकारीच्या व्याख्येत बसतं. कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मला तो कायदा योग्यच वाटतो. आमच्या माळावर चिंकारा, खोकड अजून दिसतात, ते माझ्या मुलीलाही दिसायला हवेत.

पण अडचण इथेच आहे. पळतं जनावर दिसलं की सुटायचं, एवढ्यासाठीच जी जात घडवली, तिला शिकार न करू देता सुखात कसं ठेवायचं? दिवसभर साखळीला बांधलेलं कारवानी मला बघवत नाही. दुसरं म्हणजे कोंबड्या आणि शेळीची करडं. तिसरं, मुलगी अंगणात पळत असते, आईचा तोल लगेच जातो.

मेहुणे म्हणतात लॅब्रॅडोर घ्या. तोही मुळात शिकारीचाच, पाडलेले पक्षी पाण्यातून उचलून आणणारा, आणि मुलांत रमणारा. पण आमच्या एप्रिल-मेमध्ये त्याची दाट लव आणि वाढणारं वजन बघून जीव धजत नाही. एकाने तामिळनाडूचं राजापालयम सुचवलंय. ते डुकराच्या शिकारीचं आणि राखणीलाही कडक, पण सारखी पै-पाहुण्यांची ये-जा असलेल्या घरात कसं वागेल?

ज्यांनी घरात मुलं असताना कारवानी पाळलंय, त्यांनी कृपया अनुभव सांगा. नर घ्यावा की मादी, आणि किती महिन्यांचं पिल्लू, हेही सांगा.

प्रतिसाद (जत तालुका)

दादा, आमच्या घरात कारवानी नसल्याचं मला आठवत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

मुलांची चिंता करू नका. कारवानी घरच्या माणसाला जीव लावतं, परक्यापासून लांब राहतं. अंगाशी खेळणं त्याला फार आवडत नाही, झोपेत कुणी ओढलं तर गुरगुरतं. मुलीला एवढंच शिकवा की ते जेवताना आणि झोपलेलं असताना हात लावायचा नाही. आईंची काळजी मात्र खरी आहे. ते मुद्दाम धडकत नाही, पण वळणावर वेगात आलं तर धडधाकट माणूसही आडवा होतो. पहिलं वर्ष त्याच्या धावण्याची वेळ आणि आईंची अंगणात बसायची वेळ वेगळी ठेवा.

कोंबड्यांचं सगळं पिल्लाच्या वयावर आहे. दोन महिन्यांचं आणा आणि पहिल्या दिवसापासून तुमच्या समोर, दोरीवर, कोंबड्या-करडांत बसवा. मोठं झालेलं, सशामागे पळवलेलं कुत्रं स्वस्तात मिळतंय म्हणून आणू नका, ते कोंबड्या ठेवणार नाही. चांगलं शिकलेलंही करडांत एकटं सोडून बाजाराला जाऊ नका.

राखणीचं स्पष्टच सांगतो. ते चाहूल देईल, भुंकेल, पण लांडग्याला किंवा डुकराला अंगावर घेण्याची त्याची बांधणी नाही. कातडी पातळ, अंगावर चरबी नाही, डुकराच्या एका सुळ्यात पोट फाटतं. शेळ्यांना रात्री वरून झाकलेला पक्का गोठा लागेलच, कुत्रं कुठलंही आणा.

आणि तुमच्याकडे काटेरी तारेचं कुंपण आहे का? आमच्याकडच्या बहुतेक जखमा तारेच्याच. एकदा सुटलं की नजर समोरच्या जनावरावर असते, मधली तार दिसत नाही.

प्रतिसाद

मी पशुवैद्यक आहे, थोडी भर घालते.

नजरेवर शिकार करणाऱ्या या जातींना भुलीची काही औषधं जास्त वेळ बाधतात, अंगात चरबी फार कमी असणं हे त्याचं एक कारण. नसबंदी किंवा टाके घालायची वेळ आली तर जात डॉक्टरांना आधी सांगा. छाती खोल असल्याने पोट फुगून पीळ पडण्याचा धोकाही असतो. म्हणून दिवसाचं खाणं दोनदा विभागून द्या आणि जेवणानंतर लगेच पळवू नका. गोचीड तापाकडे लक्ष ठेवा, शेळ्या-म्हशींच्या गोठ्यात हा त्रास हमखास होतो. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात, पुढे दरवर्षी. पार्वो आणि डिस्टेंपर या पिल्लांच्या जीवघेण्या आजारांची लस त्याआधीच सुरू करा.

नर-मादीत मी तुम्हाला मादी सुचवेन. नर माजावरच्या मादीमागे कोसभर निघून जातो. मादीची नसबंदी योग्य वयात करून घेतली की प्रश्न मिटतो.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. बागेला तीन बाजूंनी काटेरी तारच आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आता घराभोवतीच्या पडीक तुकड्याला जाळी मारून घेतो, पहाटे आणि सूर्य कलल्यावर तिथेच पळवेन. गोठ्याचं छतही दिवाळीआधी पक्कं होईल. बायकोचं म्हणणं, मादीच आणायची.

आता एवढंच विचारायचंय: पिल्लू अस्सल आहे हे ओळखायचं कसं? बाजारात ग्रेहाउंडशी मिसळलेलीही मुधोळ म्हणून विकतात असं ऐकलंय.

प्रतिसाद (जत तालुका)

पिल्लावरून सांगणं अवघड. आई-बाप दोन्ही डोळ्यांनी बघा, आणि ते घरच्या माणसांत कसे वावरतात तेही बघा. बाप दाखवायला टाळाटाळ झाली तर तिथून परत या. मुधोळजवळ तिम्मापूरला कर्नाटकाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं केंद्र आहे, तिथे याच जातीवर काम चालतं. तिथे आधी चौकशी करा. आणि पट्टा रुंद चामड्याचा घ्या, मानेपेक्षा डोकं अरुंद असल्याने साधा पट्टा ते सहज काढून टाकतं.